तुझ्या राऊटरची क्षमा मागताना

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

आठ महिने तुला पत्र नाही, आणि आज लिहितो आहे तेही कबुलीजबाब द्यायला. प्रकृती बरी आहे, गोळ्या चालू आहेत. तू दिलेल्या जुन्या राऊटरला मी विनूसमोर भंगार म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

गेले तीन आठवडे लॅपटॉपवर वाय-फायच्या कांड्या पूर्ण दिसत, पण एक पान उघडत नसे. त्याच वेळी हिच्या फोनवर सारे सुरळीत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चाले आणि फोन रुसे. मी एकाच संध्याकाळी वाय-फायचे चॅनेल, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय) आणि केबल असे सगळेच बदलले, त्यामुळे मध्येच तासभर इंटरनेट चालले ते कशामुळे, हे कळायला मार्ग उरला नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदल" या तुझ्या पालुपदावरून आपण किती भांडलो आहोत!

मग वही घेऊन बसलो. लॅपटॉपने दाखवलेल्या गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला (१९२.१६८.१.१), पिंग केले, म्हणजे हाक मारून पाहिली, तर लगेच उत्तर आले, बाहेरच्या जगातल्या गूगलच्या ८.८.८.८ कडून मात्र काहीच नाही. हा पत्ता थेट आकड्यांचा असल्यामुळे डीएनएसला दोष देता येईना. राऊटर बोलतो आणि बाहेरचे जग बोलत नाही, त्याअर्थी लाइनच तुटली आहे, असे ठरवून मी कंपनीच्या माणसाशी फोनवर कडाक्याचे भांडलो. हिचा फोन त्याच लाइनवर चालू होता, हे माझ्या तर्कशास्त्रात बसले नाही.

शेवटी त्या फोनवरचा गेटवे पाहिला, तर तो १९२.१६८.०.१! पिंगला इमानाने उत्तर देत होता तो मागच्या खोलीतला तुझा राऊटर. पासवर्ड विसरल्यामुळे मी त्याच्या रिसेटच्या भोकात टाचणी खुपसली होती, वाय-फायचे नाव पुन्हा घातले, पण तू काळजीपूर्वक बंद करून दिलेले डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचे काम, त्यासरशी चालू झाले, हे ध्यानातच आले नाही. तेव्हापासून तो आणि इंटरनेटच्या लाइनवरचा मुख्य राऊटर असे दोघेही पत्ते वाटत होते, आणि ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता उपकरण घेत होते. तुझ्या राऊटरच्या वाट्याला आलेले उपकरण इंटरनेटचा मार्ग त्यालाच विचारी, आणि त्या बिचाऱ्याला बाहेरची वाट ठाऊकच नव्हती. "रिसेट करू नये" ही त्यावरची तुझी चिठ्ठी मीच खरवडून काढली होती, हेही सांगून टाकतो.

आता त्याचे डीएचसीपी बंद करून त्याला १९२.१६८.०.२ हा पत्ता दिला आहे, आणि चार दिवस तक्रार नाही. कंपनीच्या त्या माणसाची क्षमा कशी मागावी, ते मात्र सुचत नाही.

नवी नोकरी मानवली का? आईंचे गुडघे कसे आहेत? सविस्तर लिही.

एक शंका उरली आहे. केबल लावली की लॅपटॉप १००० ऐवजी १०० एमबीपीएसवरच जोडला जातो. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि शंभराला दोन पुरतात, म्हणजे आतली एखादी तार तुटली असावी का? या वेळी काहीही बदलण्यापूर्वी तुला विचारतो आहे.

तुझाच,
टाचणीवाला