सहा मात्रांचा अदूफ चारांत कोंबू नका

महोदय,

पोर्तुगीज लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या मिलाफावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात सगळा भर फादोवर आहे. फादो मोठेच, पण ते लिस्बनच्या गल्लीबोळांतले गाणे. खेड्यातल्या अदूफ या चौकोनी डफाबद्दल लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

अदूफ पोर्तुगालच्या बैरा बायशा भागातल्या बायका वाजवतात. माझ्या एका विद्यार्थिनीने लिस्बनहून येताना एक आणला. चौकोनी चौकट, दोन्ही अंगांनी शिवलेले बकऱ्याचे कातडे, आत बिया नाहीतर खडे. दोन्ही अंगठे आणि उजवी तर्जनी यांवर तोलून उरलेल्या बोटांनी वाजवायचा. थाप पडली की आतला खुळखुळाट किंचित मागून येतो, सगळी गंमत तिथेच आहे. त्यावरची बरीच गाणी सहाच्या चालीत, आपल्या दादऱ्याच्या जवळची. क्लबमधला ठेका मात्र चारांचा, दर मात्रेला तोच दणका. घाईतले निर्माते सहा मात्रा ओढूनताणून चारांत बसवतात आणि खुळखुळाट गोंगाट समजून पुसून टाकतात. मग अदूफ घेतलाच कशाला?

हे नीटही करता येते. पोर्तुगीज संगीतकार जुआंव आग्वार्देला यांनी 1997 पासून आपल्या ‘मेगाफोन’ या संगीतप्रकल्पासाठी लोकसंगीताचे संग्राहक मिशेल जाकोमेत्ती यांची खेडोपाडची ध्वनिमुद्रणे वापरली. ‘ओमिरी’ या पोर्तुगीज संगीतप्रकल्पाच्या कार्यक्रमात गाणारी-वाजवणारी गावची माणसे पडद्यावर दिसतात आणि त्यांच्याच आवाजावर ठेका उभा राहतो. ही रीत मला मनापासून पटते.

यात आम्हा गोवेकरांचाही धागा आहे. हणजुणच्या किनाऱ्यावर वाढलेला गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार घेऊन ‘बूम’ महोत्सव 1997 मध्ये पोर्तुगालात सुरू झाला. आज तो भरतो इदान्या-आ-नोव्हात, म्हणजे अदूफच्या माहेरीच! युनेस्कोने 2015 मध्ये या गावाला संगीतनगरीचा मान दिला.

आणि आमचे घुमट, ते मातीच्या भांड्याचे तालवाद्य? 2019 मध्ये ते गोव्याचे वारसा वाद्य ठरले. तरीही माझ्या ओळखीच्या एका घुमटवादकाची थाप पार्ट्यांत वाजणाऱ्या एका ट्रॅकमध्ये बिनबोभाट वापरलेली आहे. ना नाव, ना मानधन. त्याला ते कळले ते नातवाच्या मोबाइलवर.

महोत्सवांना परवानगी देतानाच सरकारने अट घालावी: लोकवादकाचे सॅम्पल, म्हणजे त्याच्या वादनाचा मुद्रित तुकडा, वापरायचे तर आधी त्याची संमती आणि मानधन, आणि जाहिरातीत त्याचे व त्याच्या गावाचे नाव डीजेच्या नावाएवढ्याच अक्षरांत.

– एक तबलाशिक्षक, फोंडा (गोवा)