केक नको, काळजीवाहिकेचा पगार द्या

महोदय,

डिसेंबर लागला की ख्रिस्ती बालगृहांकडे पाहुण्यांची रीघ लागते. केक, ब्लँकेटे, जुन्या कपड्यांची गाठोडी आणि मुलांबरोबर फोटो. नवीन वर्षाचा पहिला पंधरवडा सरला की सगळे थंडावते, आणि जूनमध्ये वह्या-गणवेशाच्या तोंडावर खात्यात खडखडाट असतो. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण अनुदानाशिवाय, केवळ देणग्यांवर चालणाऱ्या बालगृहाचा खर्च नेमका कशावर होतो हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून हे पत्र.

आधी शिधा. बाल न्याय अधिनियम 2015 च्या आदर्श नियमांत एका मुलामागे रोजचे प्रमाण ठरवून दिले आहे: धान्य 600 ग्रॅम, डाळ 120 ग्रॅम, तेल 25 ग्रॅम, दूध 150 मिलिलिटर. तीस मुलांच्या घराला दिवसाला 18 किलो धान्य, साडेतीन किलोच्या वर डाळ आणि साडेचार लिटर दूध झाले. महिन्याला जवळजवळ साडेपाच क्विंटल धान्य आणि तेलाचे 15 किलोचे दीड डबे. (सहा वर्षांचे पोर 600 ग्रॅम खात नाही, पण दहावीतला मुलगा त्याची भरपाई करतो.) हा खर्च मोठा असला तरी त्याला दाते मिळतात. मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांकडून, पोती येतात, वाढदिवसाला कोणी एका दिवसाचे जेवण देते. गाडे अडते ते पगारापाशी.

आठवड्याचे तास 168. एक काळजीवाहिका आठवड्याला 48 तास काम करते. म्हणजे एकच जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा-आजारपण धरले की चार. मुलींची आणि मुलांची इमारत वेगळी असेल तर आठ. त्याखेरीज अधीक्षक, स्वयंपाकी, समुपदेशक. ‘माझा पैसा थेट मुलांनाच लागू दे, पगाराला नको’ असे बजावणारा दाता नेमका तिथेच हात आखडता घेतो. मग चौघींच्या जागी दोघी राहतात, थकतात, वर्षाच्या आत सोडून जातात, आणि रात्री दोन वाजता ताप चढलेल्या लहानग्याजवळ चौदा वर्षांची ‘मोठी ताई’ बसते. आमच्या मते बालगृहात जे जे वाईट घडू शकते त्याची सुरुवात अशा रिकाम्या रात्रपाळीत होते.

जुन्या कपड्यांविषयी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. न धुतलेली ब्लँकेटे आणि स्वेटर थेट वाटले की खरूज शिरू शकते, आणि एकदा शिरली की सगळे घर खाजवते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून नुसत्या खाजवणाऱ्या मुलांवर उपचार करून भागत नाही. डॉक्टरांना दाखवून सर्व मुलांना आणि काळजीवाहिकांनाही एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिनचे मलम लावावे लागते: मानेपासून तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा न सोडता. सकाळी आंघोळ, अंथरुणे-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि आठवड्याने पुन्हा तेच सगळे. मोठ्या मुलाला एका वेळी 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. तीस मुलांचे दोन वेळचे मलम धरले तर फुकटचे ब्लँकेट केवढ्याला पडले ते कळेल. अंगापासून दूर खरजेचा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. तेव्हा जुने कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, वाळवून, पिशवीचे तोंड बांधून आठवडाभर ठेवून द्या. खरे तर तुटवडा असतो तो नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड आणि मापाचे शाळेचे बूट यांचा. या वस्तू मात्र गाठोड्यात कधी सापडत नाहीत.

पैसे देताना विश्वस्त संस्थेच्या नावाच्याच खात्यात द्या. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) किंवा अधीक्षकांच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर कधीही नको, माणूस कितीही सज्जन असो. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (80-जी) हवी तर 2,000 रुपयांवरची रोकड चालत नाही, वस्तू चालत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. दानपेटीत टाकलेला बिननावी पैसा निनावी देणगी ठरतो. धर्मादाय संस्थेत अशी रक्कम एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्यापलीकडे गेली की वरच्या भागावर 30 टक्के कर बसतो. पाकिटावर नाव-पत्ता लिहायला अर्धा मिनिट लागतो. ठेव म्हणून द्यायचे असेल तर ‘कायम निधीसाठी’ असे लेखी द्या, नाहीतर ती रक्कम वर्षाच्या चालू उत्पन्नात धरली जाते.

परदेशातल्या आप्तांचा प्रश्न हमखास येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला की, परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड असले तरी, त्याचा पैसा परकीय देणगी ठरतो. मग संस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी हवी आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. परकीय देणगी कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणेही बंद केले. मोठ्या मिशनकडून गावोगावच्या लहान बालगृहांना जो आधार पोचत असे, तो तिथेच आटला. त्याची जागा इथल्या मासिक देणग्यांनीच भरून निघेल: महिन्याला 500 रुपये देणारी शंभर घरे, नाताळातल्या एका मोठ्या धनादेशापेक्षा केव्हाही बरी.

देण्याआधी संस्थेकडे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 खालचे नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची मुदत पाहा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व बालगृहांची नोंदणी त्या वर्षाअखेर पुरी करायला सांगितले होते. त्यानंतरही ‘आम्ही तर देवाचे काम करतो’ म्हणून जो कागद दाखवत नाही, त्याला पैसे देऊ नका, मग फाटकावर क्रूस असो वा नसो.

मूल घेण्याबाबतही गैरसमज आहेत. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली-बायका आणून केडगावला आसरा दिला. आज तसे कोणालाच करता येत नाही. दारात मूल आढळले तर 24 तासांत बालकल्याण समिती, पोलीस किंवा 1098 या बाल मदत क्रमांकाला कळवावे लागते, आणि समितीच्या आदेशाशिवाय प्रवेश नाही. मंडळीतल्या मूल नसलेल्या जोडप्याला ते ‘देऊन टाकणे’ हा गुन्हा आहे: देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. समिती कोणत्याही धर्माचे मूल पाठवते. त्याचे नाव बदलू नये, बाप्तिस्मा देऊ नये, प्रार्थनेला बसायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘अनाथ’ म्हणून आणलेल्या मुलाची आई कित्येकदा हयात असते. तिच्याकडे नसतो तो पैसा. बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिना 2,250 रुपये मिळतात. तिचा अर्ज भरून देणे हे बालगृहात जागा शोधण्यापेक्षा चांगले काम आहे, आणि संस्था हा शेवटचा उपाय असे कायदाही म्हणतो.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. बालगृहातल्या वाढदिवसांचे, मुलांचे चेहरे दिसणारे फोटो छापू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहीपेक्षा, त्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचे असते.

मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला घर सोडावे लागते, आणि दात्यांचा ओघही तिथेच थांबतो. शहरात खोलीची अनामत, मेसचे पैसे, नर्सिंग किंवा आयटीआयची फी, हे सगळे एकदम अंगावर येते. सतराव्या वर्षीच आधार, बँक खाते आणि अनाथ प्रमाणपत्राचे काम सुरू करावे. त्या प्रमाणपत्राशिवाय राज्यातले शिक्षणातले आणि नोकरीतले एक टक्का आरक्षण मिळत नाही. यंदा नाताळात केक न आणता अशा एखाद्या मुलीच्या दोन वर्षांच्या खोलीभाड्याची हमी कोणाला घ्यायची असेल, तर अधीक्षिकेला विचारा; कोणत्याही बालगृहात अशी एकतरी मुलगी निघेल.

— एका ख्रिस्ती बालगृहाचे विश्वस्त, अहिल्यानगर