अंडं शाबूत आहे

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

प्रिय बंड्या,

फोन उचलला नाही म्हणून रुसला असशील. पण गेले पंधरा दिवस घरात अंड्यांचं राज्य होतं. आमच्या घरात! आईने त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा काही ओलांडू दिला नाही. मुक्काम बाल्कनीत, बादलीत.

चिऊच्या शाळेत स्पर्धा होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवरून कच्चं अंडं टाकायचं, फुटता कामा नये. पॅराशूट चालणार नाही, आणि अंड्यासकट सगळं 300 ग्रॅमच्या आत.

मी पडलो इंजिनिअर. जाड पुठ्ठ्याचा भक्कम डबा केला, आत स्पंज ठासला आणि आमच्या गच्चीवरून सोडला. डब्याला ओरखडा नाही, आत मात्र भुर्जीची तयारी!

मग मुकाट्याने कागद-पेन घेतलं. 10 मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी 50 किलोमीटर असतो. 60 ग्रॅमचं अंडं 1 सेंटीमीटरात थांबलं, तर त्याच्यावर सरासरी 60 किलोचा भार येतो. 10 सेंटीमीटरात थांबलं तर फक्त 6 किलोचा. म्हणजे त्याला थांबायला जागा हवी, आणि मी तर ती ठासून भरून टाकली होती. शिवाय डबा उसळी मारायचा, म्हणजे दुसरा दणका फुकट.

आई म्हणाली, "आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात तो काय पेटी वाचवायला?" बोलती बंद. माळ्यावरच्या हापूसच्या पेटीतला पेंढा काढला, हलक्या हाताने भरला. अप्पा बळवंत चौकातून स्ट्रॉ आणून डब्याला चहूबाजूंनी पाय लावले. प्लास्टिकच्या स्ट्रॉ 2022 पासून बंद, त्यामुळे कागदाच्या. मी आधी कुरकुरलो, पण त्याच बऱ्या निघाल्या. चेमटतात आणि चेमटलेल्याच राहतात, उसळत नाहीत.

अंडं उभं ठेवायचं की आडवं, यावर बापलेकीचं भांडण झालं. माझं म्हणणं उभं. टोकाला कमान असते, ती भार पेलते. चिऊने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांचा 2025 मधला प्रयोग काढून दाखवला: आडवं पडलेलं अंडं कमी फुटतं, कारण ते फुटण्याआधी जरा जास्त दबतं. हरलो. आडवं ठेवलं.

परवा टाकलं. पायांचा चुराडा, डब्याचा एक कोपरा आत, अंडं जसंच्या तसं. नंबर नाही आला. आमच्यापेक्षा हलके डबे होते. चिऊ दोन तास फुगून बसली, मग जेवली.

आणि हो, हेल्मेटच्या आतला थर्माकोलही असाच स्वतः चेपून डोकं वाचवतो. तू हेल्मेटसक्तीविरुद्ध केलेलं भाषण मला अजून पाठ आहे, म्हणून सांगितलं.

आता अडचण त्या अंड्याची. चिऊने त्याला नाव ठेवलंय, त्यामुळे ती खाऊ देत नाही. आई आत घेऊ देत नाही. बादलीतच आहे. तू शनिवारी येतोयस ना? चिऊचं लक्ष नसताना घेऊन जा.

तुझा,
अण्णा