बदलीचा कागद

प्रिय बाबू,

काल फोन कट झाला तेव्हा आमच्याकडे सात वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे साडेअकरा. मम्मी रोजरी थांबवून बसली होती. ‘मला इथून हलवताहेत’ एवढंच ऐकू आलं, मग नुसती खरखर. सकाळी तुझा मेसेज वाचला तेव्हा उलगडा झाला. पापुआ न्यू गिनीतच, पण सेपिक नदी सोडून डोंगरातलं माउंट हेगन! फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून कागदावर लिहून फोटो काढून पाठवतोय. अक्षर अजून मास्तराचंच आहे, वाचता येईल.

मम्मीचा पहिला प्रश्न स्वेटरचा. नदीकाठच्या दमट उकाड्यातून एकदम साडेपाच हजार फुटांवर जायचं, तिथे रात्री गारठा असणार. तिनं शोधाशोध केली. वसईच्या घरात स्वेटर कुठला मिळणार? माझाच एक जुना निघाला, मोखाड्याचा. कसर लागलीय.

त्या स्वेटरवरून आठवलं. 1984 साली जिल्हा परिषदेनं मला मोखाड्याला नेमलं तेव्हा तुझी आजी एसटीपर्यंत रडत आली होती. एकाच जिल्ह्यात होतं, पण आमच्या लोकांना ते परदेशासारखंच. केळीच्या वाडीतून उठून नागलीच्या भाकरीवर. मी काय केलं, तर ट्रंक खाटेखाली सरकवली आणि दोन वर्षं पूर्ण उघडली नाही. आज ना उद्या बदलीचा कागद येईल, कशाला पसारा मांडा. वरच्या दोन शर्टांवर दिवस काढले. चौथीतल्या एका पोरानं विचारलं, ‘गुरुजी, तू कधी जाणार?’ (वारली पोरांच्या बोलीत अहो-जाहो नाही, सगळ्यांना तू.) मी म्हटलं, कोण म्हणतो मी जाणार? तर पोरगा खाटेखाली बघायला लागला.

कागद आला तो पाचव्या वर्षी. तेव्हा कुठे ती बोली कानाला लागली होती. नेमका तेव्हाच.

तुझंही तेच झालंय, म्हणून तुझ्या रागाचं मला नवल वाटत नाही. तीन वर्षं त्या गावचं ‘टोक प्लेस’, म्हणजे गावची स्वतःची बोली, शिकलास, मिस्सा झाल्यावर म्हाताऱ्यांशी दोन वाक्यं बोलायला लागलास, आणि आता डोंगरात त्या भाषेचा एक शब्द चालायचा नाही. 800च्या वर भाषा असलेला देश. सगळीकडे चालणारी टोक पिसिन आहे म्हणून निभावेल, पण टोक पिसिन म्हणजे बाजाराची भाषा, चुलीजवळची नव्हे, हे तूच मला लिहिलं होतंस.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचं बघ ना. जेझुइट धर्मगुरूंबरोबर वसईहून पोरवयात जपानला गेला, भाषा शिकला, कॅटेकिस्ट म्हणजे धर्मशिक्षक म्हणून राबला, पण त्यांनी आपल्या धर्मसंघात काही घेतलं नाही. मग व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. ती जपानी तोवर वायाच गेली म्हणायची. पण फ्रान्सिस्कनांना जपानला जायचं ठरलं तेव्हा दुभाषा म्हणून तोच लागला. 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. गास गावातल्या त्याच्या सणाला दरवर्षी त्याचं मरण ऐकतो. मला मात्र ती मधली वर्षं जास्त खरी वाटतात, दुकानदारीची.

आता कामाचं सांगतो. मी मोखाडा सोडलं तेव्हा नव्या मास्तरासाठी काही लिहून ठेवलं नाही. कोणाचं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडू शकत नाही, कोणाच्या घरी बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो आणि पोरांनाही नेतो, सगळं माझ्या डोक्यात होतं, ते माझ्याबरोबर वसईला आलं आणि इथे त्याचा कोणाला काय उपयोग? तू तसं करू नकोस. तुझ्या कॅटेकिस्टबरोबर दोन रात्री बस. फादर हलतात, तो हलत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ज्याला संत केलं तो तुमच्या तिकडचाच पीटर तो-रोट कोण होता? कॅटेकिस्टच. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी धर्मगुरूंना कैदेत टाकलं तेव्हा गाव त्यानंच सांभाळलं. आउटस्टेशनची, म्हणजे फादर अधूनमधून जातात ती लांबची गावं, आजारी माणसं, होडीच्या मोटरीचं पेट्रोल कोणाकडून उधार आहे, सगळं वहीत उतरव. उधारीचं आधी.

तुझ्या एस.व्ही.डी. या मिशनरी संघाचे पहिले लोक 1896 मध्ये तिकडच्या तुमलेओ बेटावर उतरले तेव्हा त्यांच्या घरी पत्र कधी पोचत असेल कोण जाणे. मी एका रात्रीच्या खरखरीनं कासावीस झालो.

वाडीचं विचारलं होतंस. शेजारच्यांनी बिल्डरला दिली, आपली आहे. पानवेल यंदा बरी आलीय. तू म्हणाला होतास तिकडे बुआई खातात, म्हणजे सुपारी आणि चुना आपल्यासारखंच, पण पान नाही, त्या वेलीची शेंगेसारखी काडी चावतात. हे मी पानवाल्या शेजाऱ्याला सांगितलं तर तो चार दिवस विश्वास ठेवेना. म्हणतो, पान टाकून काडी खाणारा माणूस असूच शकत नाही. हेगनलाही बुआई मिळते का, की ती खालूनच चढते? कळव, मला त्याला उत्तर द्यायचंय.

साबुदाण्यासारख्या त्या साक्साकला तू कंटाळला होतास, आता काउकाउ खाशील. रताळ्याला मम्मीनं कधी नाव ठेवलं नाही, उपाय म्हणून बाटली मसाला मात्र वेगळा भरून ठेवलाय. स्वेटर रफू करायला दिलाय. इथून कोणी फादर तिकडे निघाले की दोन्ही त्यांच्याकडे देतो.

तिथे पोचलास की पहिल्या रात्री बॅग रिकामी कर. सगळी. आणि नवा पत्ता पाठव.

तुझा,
पप्पा