राणीपेक्षा जलपऱ्याच लक्षात राहतात

महोदय,

रविवार पुरवणीतला चित्रकार रूबेन्सवरचा लेख आवडला. पण फ्रान्सच्या मारी द मेदिची या राजमातेने त्याच्याकडून आपल्या आयुष्यावर ‘एक भव्य चित्र’ काढून घेतले, हे वाक्य खटकले. एक नव्हे, चोवीस! १६२२ मध्ये करार झाला आणि १६२५ मध्ये, मुलीच्या लग्नाच्या सुमारास, पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात ही चित्रे लागली. बहुतेक चित्रांची उंची जवळजवळ चार मीटर.

खरी पंचाईत होती विषयाची. नवऱ्याचा खून, मुलाशी वैर, ब्लोआच्या किल्ल्यातली नजरकैद, तिथून रात्री पलायन. यात गौरव करायचा कशाचा? रूबेन्सने सरळ ग्रीक-रोमन देवदेवतांना मदतीला बोलावले.

मारी फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरते, ते चित्र तर बघतच राहावे. वर कीर्तिदेवता तुताऱ्या फुंकते आहे, निळ्या झग्यातला फ्रान्स देश मूर्तिमंत होऊन स्वागताला आला आहे, नववधू ताठ मानेने उतरते आहे. आणि आपली नजर मात्र खाली, फेसाळ पाण्यात जहाजाचा दोर ओढणाऱ्या तीन पुष्ट जलपऱ्यांवर! खुशामत करतानाही चित्रकाराने आपली हौस भागवून घेतली, असे मला तरी वाटते.

चित्रे आज लूव्र संग्रहालयात आहेत. राणी मात्र १६४२ मध्ये कोलोनला, परागंदा अवस्थेत वारली. तिचा नवरा चौथा हेन्री याच्यावरची दुसरी मालिका अपुरीच राहिली. त्या अपुऱ्या मालिकेवरही एखादा लेख यावा.

– एक वाचक, सातारा