खंबाटकी घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, स. न. वि. वि.

त्या रविवारी निघायच्या घाईत तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. पांढरी डिझेल गाडी, मागे आई आणि आंब्याच्या दोन पेट्या, आठवतंय? घाटात दुसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना, मागे काळा धूर, चेक इंजिनचा दिवा लागलेला. कशीबशी पलीकडे उतरलो आणि तुमचं गॅरेज दिसलं.

स्कॅनरवरचा कोड पी०४०१, म्हणजे ईजीआरचा (जळका वायू थोडा परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा) प्रवाह कमी. आधीच्या गॅरेजनं त्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, साफ करून दिला होता. आठ दिवसांत दिवा परत लागला, तर म्हणाले, नवाच टाका. मीही तयार होतो. तुम्ही मात्र कोड बघून स्कॅनर बाजूला ठेवलात आणि मलाच विचारत बसलात. आयडलला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, थरथरते का? धूर सारखा येतो की चढालाच? म्हटलं, आयडलला अगदी मऊ, धूर फक्त चढाला. ‘मग व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नाही. तसा असता तर उभ्या उभ्याच रडली असती.’

मग स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडलात. सांगितला तेवढाच उघडला, आणि आत येणारी ताजी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा आकडा झटकन खाली आला. जळका वायू आत शिरला की ताजी हवा तेवढी कमी ओढली जाते; म्हणजे व्हॉल्व्ह हलतोय आणि वाटही मोकळी आहे.

पोराला ॲक्सिलरेटरवर बसवून तुम्ही इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपखालून हात फिरवलात. फुस्स! क्लॅम्पजवळ खालच्या अंगाला बोटभर चीर, भोवती तेलकट काळी ओल. टर्बोनं दाबलेली हवा तिथून निसटायची. सेन्सरनं मात्र ती आधीच मोजलेली. हवा हिशेबापेक्षा जास्त दिसली की कॉम्प्युटर समजणार, ईजीआर कमी पडतंय. चोरी पाइपची, आळ व्हॉल्व्हवर!

मित्राच्या सल्ल्यानं ‘वाटेत पत्र्याचा तुकडा लावून ईजीआर बंदच करू का?’ असंही मी विचारलं होतं. तुम्ही पाना पुसत म्हणालात, ‘जळका वायू परत फिरवला की आतली उष्णता उतरते, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतं. ते इंजिनासाठी नाही, आपल्या नाकासाठी आहे.’ मी गप्प.

चीर टोकालाच होती म्हणून तेवढा भाग कापून पाइप पुन्हा बसवलात, आणि पैसे घेतलेत क्लॅम्पचे नि हातमजुरीचे. आईनं दिलेले आंबे तेवढे नाही म्हणाला नाहीत, बरं वाटलं.

साताऱ्यात नवा पाइप टाकला, दिवा पुन्हा लागलेला नाही. कापलेला तुकडा डिकीत जपून ठेवलाय. आधीच्या गॅरेजात एकदा नेऊन दाखवायचा आहे.

तुमचा,
आंबेवाला गिऱ्हाईक