गोल्फच्या प्रॅक्टिस रेंजवर हात पुढे करून उभे राहिलेल्या काकांना

काका, तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मला तुमचं, म्हणून हे असं सगळ्यांसमोरच लिहितेय. गेल्या महिन्यात तुमच्या शेजारच्या बेमध्ये, म्हणजे बॉल मारायच्या कप्प्यात, एक बाई आपला सेव्हन आयर्न क्लब (गोल्फची काठी हो) मॅटवर आपटत रडायच्या बेतात होती ना, ती मी.

दीड वर्ष या बॅकस्विंगच्या, म्हणजे बॉल मारण्याआधी क्लब मागे नेण्याच्या, नादी लागलेय. दोन कोच झाले. पहिल्यांनी यादीच हातात दिली, डावा हात सरळ, डोकं हलवायचं नाही, खांदे 90 अंश, कंबर 45, मनगट असं, वजन तसं... अहो, अख्खा बॅकस्विंग संपतो साधारण पाऊण सेकंदात, त्यात मी काय काय आठवू? दुसऱ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यावर लाल रेघा मारल्या आणि म्हणाले, बघा किती आत जातोय क्लब. बघितलं. पुढे काय? पुढे त्यांना फोन आला, ते बोलत बसले आणि माझा तास संपला. फी मात्र पूर्ण घेतली. असो.

तुम्ही आधी विचारलंत, "मी काही बोललो तर चालेल का?" हे विचारणारा माणूस मला रेंजवर पहिल्यांदाच भेटला, एरवी बाई खेळताना दिसली की फुकट सल्ल्यांची रांग लागते. मग माझा क्लब बाजूला ठेवायला लावलात, माझ्या उजवीकडे येऊन उभे राहिलात आणि शेकहँडला करतात तसा हात पुढे केलात. "समज, मी ओळख करून घ्यायला आलोय. पाय जागचे हलवू नकोस, नुसती वळ आणि हात मिळव."

पहिल्यांदा माझा हात गेला पार पाठीमागे, तळवा आभाळाकडे, भीक मागितल्यासारखा. तुम्ही हसला नाहीत, माझा हात ओढून जागेवरही आणला नाहीत. तुमचा हात होता तिथेच राहिला, कंबरेच्या उंचीला, अंगठा वर. परत. परत. सातव्या-आठव्या वेळी कुठे तळव्याला तळवा लागला, तर तुम्ही बऱ्याच वर्षांनी भेटल्यासारखा माझा हात हलवून म्हणालात, "नमस्कार!" मग दरवेळी नमस्कार, वीस-पंचवीस वेळा तरी. तुमची बॉलची बकेट तशीच भरलेली पडून होती, आणि मधेच मला दिसलं की तुम्ही डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिलाय, म्हणजे खांदा भरून आला होता, पण हात काही खाली गेला नाही. बाकी सगळं मी विसरेन, तो कोपर नाही विसरणार.

पिंपात उभं आहोत समजून कडेला न घासता वळायचं, बॅकस्विंगच्या टोकाला उजव्या तळव्यावर वेटरसारखा ट्रे आहे समजायचं, हे नंतर झालं. (पिंप जमलं. ट्रे अजून कलंडतो.) आणि प्रसिद्ध गोल्फर जॅक निकलॉस प्रॅक्टिसमध्येसुद्धा डोक्यात चित्र आल्याशिवाय बॉल मारत नसत, आधी बॉल थांबायची जागा, मग त्याचा हवेतला रस्ता, मग स्विंग, हेही तुम्हीच सांगितलंत. मला वाटलं, 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेल्या माणसाचं ठीक आहे, मला कुठलं दिसायला! पण रात्री पडल्या पडल्या करून बघितलं, तुम्ही म्हणालात तसं, बाहेरून व्हिडिओ बघितल्यासारखं नाही तर आपल्याच डोळ्यांतून आणि खऱ्या स्पीडने. बॉल काही दिसला नाही, तुमचा हात दिसला.

कुणाला काही शिकवताना त्याला लहान न करणं, हे किती कमी लोकांना जमतं हो! येत असलेलं दाखवायची घाई सगळ्यांना, समोरच्याला येईपर्यंत थांबायला वेळ कुणाकडे नाही. तुम्ही तर माझा एकही बॉल नीट गेलेला न बघताच बकेट उचलून आपल्या बेमध्ये गेलात, आणि मी वेंधळी, धन्यवाद म्हणायचंच राहिलं.

स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जाणं, गेलाय असं खोटं सांगणार नाही. पण निम्मे बॉल तरी आता सरळ जातात, आणि बिघडलं की क्लब खाली ठेवून उजवीकडच्या रिकाम्या हवेशी हात मिळवते, लोक बघतात, बघू देत.

शनिवारी सकाळी मी त्याच बेमध्ये असते. आलात तर नुसता हात पुढे करा, या वेळी नमस्कार मी म्हणेन.